इंजिनावरची गुळगुळीत जागा

बाजव्याला राहायचो तेव्हा आमच्या घरात एकच खोली होती आणि त्या खोलीला एकच खिडकी, रेल्वेच्या रुळांकडे उघडणारी. अप्पा जळगावकडून बडोद्याला आले ते रिफायनरीत फिटरचं काम मिळेल म्हणून. काम मिळालं, पण कंत्राटावर. कंत्राट संपलं की अप्पा सकाळी डबा न घेता बाहेर पडत. डबा नाही म्हणजे आज गेटावर नुसतं उभं राहायचं, हे आम्हा भावंडांना न सांगता कळे. आई शेजारणींच्या साड्यांना फॉल लावी. वैशाखात पत्रा तापला की ओला पंचा डोक्यावर घेऊन सुई चालवत बसे. रात्री खिचडी-कढी, दुसऱ्या दिवशीही खिचडी-कढी. धाकटा कुरकुरला तर आई म्हणे, "आपण आता बडोदेवाले ना रे? इकडं हेच खातात."

लाज वाटते म्हणून सांगत नाही, आणि कौतुक म्हणूनही नाही. होतं ते असं होतं.

आता मी बडोद्यातच, समा भागात राहते. सोसायटीत लिफ्ट आहे, खाली कडुनिंबाची झाडं आहेत. दर वर्षी त्या झाडांना बारीक पांढरा मोहोर येतो, त्याचा कडवट-गोड वास पायऱ्या चढून घरात शिरतो, आणि पाठोपाठ लगनगाळा, म्हणजे लग्नसराई येते. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरून वरघोडे, नवरदेवांच्या मिरवणुका निघतात. पुढं बँड, मागं नाचणारी माणसं, सगळ्यांत मागं नवरदेव. सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन बघतात, नवरदेवाचा फेटा कसा आहे, नवरीकडचे कुठले. मी आत जाते. आमचे हे थट्टा करतात, "बँड वाजला की तू अशी पळतेस, जशी काही पोलिसांची शिट्टी वाजली." ते थट्टेत म्हणतात, पण बरोबर म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी मोहोराचा वास आणि बँडचा आवाज एकदम आले की मी गॅलरीचं दार लावून घेते.

कारण आमची गाडी नवरदेवाची गाडी होती.

ती आमच्याकडं आली तेव्हा गाडी म्हणावी अशी नव्हती. अप्पा शहरात एका रावसाहेबांच्या घरी पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेले होते. घराणं संस्थानच्या काळातलं, मोठ्या हुद्द्यांचं. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक भलं मोठं धूड उभं होतं. अप्पा पंप सोडून तिकडंच बघत राहिले. रावसाहेब म्हणाले, "बघता काय? घेऊन जा. मांजरं वितात तिच्यात." अप्पांना वाटलं चेष्टा करताहेत. ती चेष्टा नव्हती. पुढच्या आठवड्यात बैलगाडीला बांधून, गावभर हसं करून घेत, अप्पांनी ती बाजव्याला आणली. रावसाहेबांनी कागदही नावावर करून दिले.

ही गाडी कुठल्याही कारखान्यातून सबंध अशी बाहेर पडलेली नव्हती. सांगाडा आणि इंजिन विलायतेहून बोटीनं आलेलं. वरचा साज बडोद्यातल्या सुतारांचा. घोड्यांच्या बग्ग्या करणारी माणसं ती, त्यांनी सागवानी चौकटीवर पत्रा ठोकून बॉडी केली. पायऱ्यांना पितळ, बैठकीला चामडं, आणि पाठीमागं बग्गीसारखं उघडमीट होणारं छप्पर. रावसाहेबांच्या वडिलांनी आणि त्यांच्या चुलतभावानं अशा दोन गाड्या एकदमच मागवल्या होत्या. जुळ्या बहिणीच. एक आमच्याकडं आली, दुसरी चुलत घराच्या बंगल्यात ताडपत्रीखाली पडून होती. इंजिनांचे नंबरही जुळ्यांचेच. फक्त शेवटचा इंग्रजी आकडा वेगळा. आमच्या कागदावर आठ, त्यांच्या कागदावर तीन.

अप्पांनी ती चालती केली. कशी केली ते सांगत बसले तर लेख त्यातच संपेल. आठवतं ते एवढंच की रॉकेलच्या वासाशिवाय त्या काळातली माझी कुठलीही आठवण नाही. वह्यांना रॉकेलचा वास, पोळ्यांना रॉकेलचा वास. मग एक दिवस ती गुरगुरली, थरथरली आणि चालू लागली, आणि आई रस्त्यात उभी राहून रडली. त्या लगनगाळ्यात नवरदेवाला भाड्यानं मिरवायचं पहिलं बोलावणं आलं. नंतर येतच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या फटींतून गुलाबाच्या पाकळ्या वेचून काढायचं काम माझं. मोगरा, अत्तर आणि पेट्रोल, असा तो वास असे. त्या वासावर आमचं घर चाललं, धाकट्यांच्या फिया भरल्या गेल्या, आणि मी फतेगंजकडं कॉलेजात धातुशास्त्र शिकायला लागले. वर्गात आम्ही मुली दोघीच. लोक विचारत, "धातू शिकून मुलगी करणार काय, भांडी ओळखणार?" अप्पा म्हणत, "हो. भांडीसुद्धा ओळखेल."

आता त्या गुळगुळीत जागेचं सांगते.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा. तुमच्याकडंही असेल. पण अप्पांची पूजा म्हणजे नुसतं कुंकू लावणं नव्हे. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते शिकले, त्यानं एक धडा घालून दिलेला होता: सपाट लोखंडात आपलं तोंड दिसलं पाहिजे, तरच ते लोखंड पूजेला योग्य. मग पाने, पकडी, हातोडे, सगळं एमरी पेपरनं आणि तेलानं घासून पाटावर मांडायचं. गाडी आल्यावर इंजिनाचीही पूजा सुरू झाली. आता इंजिन म्हणजे सगळा खडबडीत बिडाचा ओबडधोबड तुकडा. तोंड दिसेल अशी सपाट जागा त्यावर एकच, कुशीला, खाली, साबणाच्या वडीएवढी. अप्पा दर खंडेनवमीला ती घासत. जीव लावून घासत. मग आई वाकून त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढी, आणि स्वस्तिकाच्या मागं तिचा चेहरा हलताना मला दिसे.

नंबर तिथंच ठोकलेला होता. विलायतेच्या कारखान्यानं ती जागा सपाट केली होती ती नंबर ठोकण्यासाठीच. आम्ही तो नंबर पूजा करकरून पुसून टाकला. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. नंबर कागदावर होताच की.

माझं शेवटचं वर्ष. परीक्षा तोंडावर, कडुनिंबाला मोहोर, बाहेर लूचा उष्ण वारा. दारावर ओलं पोतं टांगून मी जमिनीवर पालथी पडून वाचत होते. जीप थांबल्याचा आवाज आला. आमच्या गल्लीत जीप येत नसे.

इन्स्पेक्टर सडपातळ, गळ्याभोवती रुमाल, बोलायला मऊ. मला तो मऊपणाच जास्त भीतिदायक वाटला. चुलत घराच्या बंगल्यातली ती दुसरी गाडी होती ना, ताडपत्री उचलून बघतात तर आत इंजिनच नाही. तसलं इंजिन शहरात आणखी कुणाच्या उपयोगाचं? फक्त आमच्या.

"बोनेट खोलो, काका."

अप्पांनी उघडलं. इन्स्पेक्टर वाकले, बोटानं ती जागा शोधली, आणि बोट तिथंच थांबलं.

"नंबर क्यां छे?"

"घासला गेला, साहेब."

"कोणे घस्यो?"

"मीच. पूजेसाठी."

"पूजा माटे?" ते सरळ उभे राहिले आणि, ऐकलंस का अशा अर्थानं, हवालदाराकडं बघून हसले. "सांभळ्युं? चोर लोक कानस मारे छे, आ काका आरती करे छे."

हवालदारही हसला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी बोनेट हळूच मिटलं. गाडी दोरी बांधून नेली. अप्पांना रोज ठाण्यावर येऊन बसायचं सांगितलं. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तरी आई दारात हात जोडून उभी होती, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं.

भीती म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. तिला वेगळा आवाज नसतो. ती असलेल्या आवाजांत शिरते. सायकलची घंटी वाजली की दचकायचं. दुधवाल्यानं कडी वाजवली की आईचा हात थांबायचा. पुस्तकातली ओळ वाचायची, परत तीच वाचायची, आणि अर्थ येईपर्यंत कान मात्र रस्त्याकडं. अप्पा ठाण्यावरून परत येत तेव्हा त्यांच्या पायांचा आवाज ओळखू येत नसे. फरफटणारा, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटे. त्यांना कुणी मारत नव्हतं, शिवी देत नव्हतं. नुसतं बाकावर बसवून ठेवत. अप्पांसारख्या माणसाला, ज्याचे हात कधी रिकामे राहिले नाहीत, तेवढंच पुरे होतं.

शेजारच्या कोकिळाबेन आईच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी ओट्यावरून मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "हाय हाय, चोरीना इंजिनमां मारा भत्रीजाने परणवा मोकल्यो!" चोरीच्या इंजिनावर त्यांचा पुतण्या लग्नाला गेला होता म्हणे. आई आत येऊन पीठ मळू लागली. पीठ मळून झालं तरी मळतच राहिली. ज्या घरांनी गाडी सांगून ठेवली होती, त्यांनी घोडे ठरवले. एका वरबापानं तर निरोप पाठवला की घोड्याला नंबर नसतो, ते बरं.

एका दुपारी मी अप्पांना विचारलं. विचारायला धीर गोळा करावा लागला, कारण उत्तराचीच भीती होती.

"अप्पा, इंजिन मूळचंच आहे ना?"

ते नखांतलं काळं काढत बसले. मग म्हणाले, "सुमे, मी चोरी केली नाही."

"ते नाही विचारलं."

"तेच सांगतोय. मागं एकदा इंजिनाचा ब्लॉक सिलिंडर घासून घ्यायला, बोअरिंगला दिला होता, मकरपुऱ्याच्या वर्कशॉपात. त्याच वेळी त्यांच्या गाडीचाही ब्लॉक तिथंच आलेला. दोन्ही उघडे, धुतलेले, शेजारी शेजारी. दोन्ही एका साच्यातले. मी आपलाच उचलला असं मला वाटतं. पण ती जागा तेव्हाही गुळगुळीत झालेली. त्यांच्याही ब्लॉकवरचा नंबर गंजून गेलेला होता का, मी बघितलंच नाही. आता रोज बाकावर बसून बसून मला माझीच खात्री वाटेना झालीय."

बाहेर लूनं पोतं हललं. मला वाटलं होतं, अप्पा हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. हे तिसरं उत्तर सगळ्यांत वाईट होतं. अदलाबदल झाली असेल तर अप्पा निर्दोष, पण ऐकणार कोण? नंबर घासणारा फिटर, आणि खाली दुसऱ्याचा आकडा. आरतीवाला चोर.

आमच्या कॉलेजात त्रिवेदी सर होते, वयस्कर, तोंडात सदा लवंग. त्यांनी वर्गात एकदा शिकवलं होतं ते मला त्या काळात राहून राहून आठवत होतं. पोलादी ठशानं आकडा ठोकला की खालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा आकडा घासून टाका, दाबलेलं लोखंड खाली राहतंच. योग्य ॲसिड लावलं तर ते दाबलेलं लोखंड वेगळ्या रंगाचं होतं आणि गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो. मी सरांना जाऊन सगळं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं.

सरांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोलाद असतं तर लगेच हो म्हटलं असतं. आ बीड छे. बिडाचा भरवसा नाही, सुमन." सर माझ्याशी असंच, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलत. "वरचा थर आणखी घासावा लागेल, म्हणजे संधी एकदाच. आणि जो आकडो निकळशे, ए निकळशे. मग आपण बघितलंच नाही असं करता येणार नाही. विचार केलास?"

केला होता. दुसरं काय करत होते मी?

घरी सांगितलं तर आई ताडकन उठली. "म्हणजे तुझ्या शिक्षणानं बापाच्या गळ्यात फास? तीन निघाला तर? नाही निघत नंबर तेच बरं. काहीच नाही निघालं तर कुणी काही सिद्ध करू शकत नाही."

मला आईचं म्हणणं पटत होतं. खरं सांगते, अगदी पटत होतं. नंबर झाकलेला आहे तोवर अप्पा आमच्यात आहेत. मी अप्पांकडं वळले.

अप्पा म्हणाले, "काही सिद्ध झालं नाही तर मी जन्मभर त्या बाकावरच बसलेला राहीन. घरी असलो तरी. कर तू."

ठाण्याच्या आवारात चिंचेखाली गाडी उभी होती. सरांनी इन्स्पेक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. पंच म्हणून समोरचा चहावाला आणि एक सायकलवाला. चुलत घरातले रावसाहेबांचे पुतणेही आले होते, पांढऱ्या बुटांत, रुमालानं नाक धरून. सर गाडीपाशी वाकले, हात आत घातला आणि अडकला. इंजिनाच्या कुशीत, नळ्यांच्या मागं, त्या जागेपर्यंत त्यांचा जाड हात पोचेना.

"आनो हाथ जशे," त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"आरोपीनी दीकरीनो?" आरोपीच्या मुलीनं हात घालणं इन्स्पेक्टरांना पटेना.

"तो तमे घालो तुमचा."

इन्स्पेक्टरांनी घालून बघितला. बाही काळी करून घेतली. मग म्हणाले, "पण हुं बाजूमां उभो रहीश. बॅटरी मारा हाथमां."

दर वर्षी अप्पा ज्या जागेला आरसा करत, तीच जागा मी पुन्हा घासायला घेतली. आधी जाडा एमरी, मग बारीक. लोखंड उजळत गेलं आणि त्यात एक चेहरा दिसू लागला, तो माझा होता, आणि मला तो बघवेना. मग कापसाचा बोळा, तांब्याचा क्षार मिसळलेलं ॲसिड. पुसायचं, थांबायचं, पुसायचं. वास नाकातून डोक्यात गेला. मी कोपर सांगाड्यावर टेकवलं. सर मागून एवढंच म्हणत, "धीरे. धीरे."

काही दिसेना. नुसता तपकिरी डाग. आणि मला, देवाशपथ, बरं वाटलं. काहीच निघू नये, असं वाटत होतं.

मग डागात डावीकडून एक काळसर रेघ उमटली. दुसरी. इन्स्पेक्टर बॅटरी जवळ आणून मोठ्यानं आकडे वाचू लागले, पंच माना हलवू लागले. सुरुवातीचे आकडे दोन्ही गाड्यांचे सारखेच, त्यांचं कुणाला काही नव्हतं. शेवटच्या आकड्याच्या जागी अजून डागच होता. मी परत बोळा फिरवला.

उजव्या बाजूला वरती एक गोलाई आली. तिच्याखाली दुसरी गोलाई. मधे आत वळलेलं टोक.

"त्रण," इन्स्पेक्टर म्हणाले. तीन.

पांढरे बूट पुढं सरकले. माझ्या कानांत काहीतरी बंद झालं. चहावाल्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी अप्पांकडं बघितलं नाही. बघू शकले नाही. बोळा माझ्या बोटांत होता आणि बोटं माझी नव्हती. गाडीच्या सांगाड्याला धरून मी उभी होते. 

"बंध ना कर," सरांचा आवाज आला. "हजी खातुं छे."

हजी खातुं छे, म्हणजे ॲसिड अजून काम करतंय. मी परत फिरवलं. हात आपोआप फिरला म्हणा. आणि डावीकडं, जिथं काही नव्हतं तिथं, केसाएवढी बारीक सावली आली. ती वाकली. वरच्या गोलाईला जाऊन मिळाली. मग खालीही तसंच, हळू, इतकं हळू की मला वाटलं मी डोळ्यांनी ओढून आणतेय तिला. वरचं वर्तुळ मिटलं. खालचं मिटायला वेळ लागला.

इन्स्पेक्टर बराच वेळ बॅटरी धरून वाकून राहिले. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग पंचांना म्हणाले, "आवो, जुओ." चहावाला वाकला, सायकलवाला वाकला. "आठ," चहावाला म्हणाला. "आठ," सायकलवाला म्हणाला. पुतण्यांनाही वाकायला लावलं. ते वाकले, आणि त्यांचे बूट मागं गेले.

सरांनी कॅमेरा काढून घाईघाईनं फोटो घेतले, कारण वर आलेला आकडा टिकत नाही, काही वेळात परत बुडतो. अप्पा चिंचेच्या खोडाला पाठ लावून खाली बसले होते. त्यांनी आकडा बघितलाच नाही. मी म्हटलं, "अप्पा, या, बघा तरी." ते म्हणाले, "तू बघितलास ना?"

लोकांना वाटतं, सुटका झाली की भीती जाते. माझी नाही गेली. त्या दिवशी घरी येताना प्रत्येक जीपला मी रस्त्याच्या कडेला सरकत होते. आजही कशावरही ठोकलेले आकडे बघितले की शेवटचा आकडा मी दोनदा वाचते. ते दुसरं इंजिन कुणी नेलं, कुठं गेलं, मला माहीत नाही. पोलिसांना सापडलं असेल तर आम्हाला कुणी कळवलं नाही.

गाडी सुटली. आमच्या गाडीत तिचं मूळचंच इंजिन आहे, असं पंचांच्या सह्यांनिशी लिहून झालं, आणि अप्पांवर गुन्हा दाखल झाला नाही. त्याच उन्हाळ्यात मी परीक्षा दिली आणि पास झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली.